कॅप्टन विठ्ठल

'लगान'मधला कचरा आठवतो ना? हात अधू, पण बॉल असा वळवायचा की गोऱ्यांची दांडी गुल! गावकरी मात्र त्याला टीममध्ये घ्यायलाच तयार नव्हते. पिक्चर काल्पनिक, पण अशी खरी माणसं आपल्या महाराष्ट्रात होऊन गेली. एक नाही, चार सख्खे भाऊ! बाळू, शिवराम, विठ्ठल आणि गणपत पालवणकर. चर्मकार समाजातलं हे कुटुंब.

थोरले बाळू पुण्यात साहेबांच्या क्लबात महिना 4 रुपयांवर काम करायचे आणि नेटमध्ये त्यांना बॉलिंग टाकायचे. गोऱ्यांना हरवायचं म्हणून हिंदू क्लबाने त्यांना घेतलं. मैदानात बॉल एकच, पण चहाच्या वेळी बाळूंचा कप वेगळा आणि तोही बाहेर! याच बाळूंनी 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात 114 विकेट काढल्या. तरी हिंदू संघाचं कॅप्टनपद त्यांना कधीच मिळालं नाही.

धाकटे विठ्ठल बॅट्समन होते. त्या काळी मुंबईत हिंदू, पारशी, मुस्लिम आणि युरोपियन यांच्यात चौरंगी सामने व्हायचे. 1920 साली बाळूंना संघातून वगळलं. कॅप्टन पै आजारी पडले, तर विठ्ठल यांना डावलून त्यांच्यापेक्षा ज्युनिअर असलेल्या देवधरांना कॅप्टन केलं. विठ्ठल आणि शिवराम यांनी सरळ मॅच खेळायलाच नकार दिला आणि कारणही जाहीर सांगितलं. विचार करा, 1920 साली! शेवटी निवडणाऱ्यांना नमावं लागलं. फायनलला दोघे भाऊ परत आले आणि बाळू व्हाइस कॅप्टन झाले. पै थोडा वेळ मैदानाबाहेर गेले, म्हणजे तेवढा वेळ का होईना, बाळूंनी टीम सांभाळली.

मग 1923 साल उजाडलं. बाहेर गांधीजींनी अस्पृश्यतेविरुद्ध आवाज उठवला होता, लोकांची मनं थोडी हलली होती. विठ्ठल हिंदू संघाचे कॅप्टन झाले आणि त्यांच्या टीमने फायनलमध्ये युरोपियनांना हरवलं! जो मान मोठ्या भावाला मिळाला नाही, तो धाकट्याने मिळवला.

भारत पहिली टेस्ट खेळला 1932 साली. तोवर विठ्ठल यांची कारकीर्द संपली होती, म्हणून रेकॉर्ड बुकात त्यांचं नाव पटकन सापडत नाही. 1948 साली त्यांनी 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र मराठीत लिहिलं. 1971 मध्ये ते गेले.

मी इंग्लिश मीडियमची पोरगी, सचिन-धोनीचे आकडे मला तोंडपाठ. पण विठ्ठल हे नाव मला विसाव्या वर्षी कळलं, याची लाज वाटते. आपण पाचोऱ्यात असो की पुण्यात, टीम निवडताना एक गोष्ट लक्षात ठेवू या : एखाद्याच्या खेळाला टाळ्या वाजवणं सोपं असतं, त्याच्या हाताखाली खेळायला तयार होणं अवघड.