नाव प्रजासत्ताकाचे, खजिना एकाचा

रोमचा पहिला सम्राट ऑगस्टस ह्याने स्वतःला राजा कधीच म्हणवून घेतले नाही. राजा ह्या शब्दाचा रोमन माणसाला पिढ्यान्‌पिढ्या तिटकारा होता. त्या पदाच्या नुसत्या संशयावरून ज्यूलियस सीझरचा इ.स.पू. ४४ च्या मार्चमध्ये सिनेटच्या सभेत खून पडला. ह्या घटनेचा अर्थ ज्याला सर्वांत अचूक कळला तो त्या वेळी अवघ्या अठरा वर्षांचा होता.

इ.स.पू. ६३ मध्ये जन्मलेला गायस ऑक्टेव्हियस हा सीझरच्या भाचीचा मुलगा. मृत्युपत्रात सीझरने त्याला दत्तक घेतले होते आणि रोममधील प्रत्येक सामान्य नागरिकाला ३०० सेस्टर्स देण्याचे लिहून ठेवले होते. सीझरचा पैसा अँटनी सोडीना, तेव्हा ह्या पोरसवदा वारसाने स्वतःची मालमत्ता विकून हे देणे भागवले. राजकारणात उतरताना त्याने केलेली ही पहिली गुंतवणूक होय. आणि ती फळली.

प्रजासत्ताक कशाने कोसळले, ह्याचे उत्तर पुष्कळदा महत्त्वाकांक्षी पुरुषांच्या नावांनी दिले जाते. परंतु मूळ दुखणे हिशेबाचे होते. इ.स.पू. १०७ मध्ये मारियसने भूमिहीनांना सैन्यात घेतले, आणि पुढे अशांचीच भरती वाढत गेली. युद्ध संपल्यावर ह्या शिपायाने परतायचे कोठे? त्याला जमीन हवी होती, आणि ती देण्याची कोणतीही कायम तरतूद सिनेटने केली नाही. मग जमीन मिळवून देईल तो सेनापतीच त्याचे सरकार ठरला. इ.स.पू. ८८ मध्ये सुल्ला रोमन फौज घेऊन रोमवरच चालून गेला, तो ह्याच बळावर. म्हाताऱ्या शिपायाच्या भाकरीची सोय न करण्याची काटकसर सिनेटला फार महाग पडली.

ऑक्टेव्हियस आता सीझर हे नाव लावू लागला होता. इ.स.पू. ४३ मध्ये अँटनी व लेपिडस ह्यांच्याशी त्याने त्रिकूट जमवले, आणि पाठोपाठ वधाच्या याद्या भिंतींवर झळकल्या. त्यांत ज्यांची नावे होती त्यांचा जीव गेला आणि मालमत्ता जप्त झाली. ज्या सिसेरोने ह्या तरुणाला सिनेटमध्ये उचलून धरले होते, त्याचेही नाव यादीत होते. त्याचे मस्तक व्याख्यानपीठावर टांगण्यात आले. पुढील वर्षी फिलिपायची लढाई जिंकल्यावर शिपायांना देण्यासाठी इटलीतील अठरा नगरांच्या जमिनी हेरल्या गेल्या आणि हजारो शेतकरी देशोधडीला लागले. ऑगस्टसच्या पुढील शांततेचे गुणगान करताना हा पाया विसरता येत नाही.

इ.स.पू. ३१ मध्ये ॲक्टियमला अँटनीचा पाडाव झाला आणि वर्षभरात इजिप्त हाती आले. तेथील खजिना रोमला पोहोचताच व्याजाचा दर शेकडा बारावरून चारवर आला, असे इतिहासकार डिओ नोंदवतो; जमिनीच्या किमती वाढल्या. आता जमिनी हिसकावण्याऐवजी तो विकत घेऊ लागला. इटलीतील अशा खरेदीवर त्याने सुमारे ६० कोटी सेस्टर्स खर्च केले. सिनेटरने परवानगीवाचून इजिप्तमध्ये पाऊल ठेवू नये, असा त्याचा दंडक होता. ज्याच्या हाती धान्याची किल्ली, त्याच्या हाती रोम, हे त्याला ठाऊक होते.

इ.स.पू. २७ च्या जानेवारीत त्याने सर्व अधिकार सिनेटला परत केल्याचे जाहीर केले. कृतज्ञ सिनेटने त्याला ऑगस्टस ही पदवी दिली, आणि स्पेन, गॉल, सीरिया हे प्रांतही दहा वर्षांसाठी दिले. बहुतेक फौज ह्याच प्रांतांत होती! इ.स.पू. २३ मध्ये त्याने कॉन्सलपद सोडले. पण जनतेच्या कैवाऱ्याचे, म्हणजे ट्रिब्यूनचे, अधिकार ते पद न घेताच मिळवले. निवडणुका होत राहिल्या, सिनेट भरत राहिली, कॉन्सल बदलत राहिले. दोन लाख लोकांना फुकट धान्य मिळत होते. इ.स.पू. २२ च्या टंचाईत तर लोकांनीच त्याला हुकूमशहा हो म्हणून गळ घातली. त्याने पद नाकारले आणि धान्यपुरवठ्याचे काम तेवढे पत्करले.

शिपायाचा प्रश्न त्याने अखेरीस इ.स. ६ मध्ये सोडवला. स्वतंत्र लष्करी खजिना उभारून त्यात स्वतःचे १७ कोटी सेस्टर्स घातले, आणि वारसाहक्कावर पाच टक्के व लिलावातील विक्रीवर एक टक्का कर बसवला. वीस वर्षे चाकरी केलेल्या शिपायास १२,००० सेस्टर्स मिळावयाचे होते. सिनेटने शंभर वर्षांत जे केले नाही ते झाले. मात्र तोपर्यंत शिपायाची निष्ठा कायमची एका घराण्याकडे गेली होती.

इ.स. १४ च्या ऑगस्टमध्ये तो नोला येथे वारला. ॲक्टियमनंतर जन्मलेल्या पिढीने प्रजासत्ताक पाहिलेच नव्हते. बातमी पोहोचताच डॅन्यूब आणि ऱ्हाइनकाठच्या सैन्यांनी बंड केले. जमीन म्हणून दलदल आणि खडक पदरात टाकतात, अशी त्यांची तक्रार होती, आणि चाकरी सोळा वर्षांची करावी अशी मागणी. ती घाईघाईने मान्य झाली. पुढील वर्षी लोकांनी एक टक्क्याचा विक्रीकर रद्द करण्याची विनंती केली, तेव्हा लष्करी खजिना त्याच करावर चालतो असे टायबेरियसने कळवले, आणि चाकरीची मुदत पुन्हा वीस वर्षांची केली.