व्यसनी माणसाला रुग्ण मानणाऱ्या डॉ. अनिता अवचट

पुणे शहर आणि परिसरात आज अनेक व्यसनमुक्ती व पुनर्वसन केंद्रे आहेत. व्यसन हा आजार आहे, हा विचारही आता नवा राहिलेला नाही. चार दशकांपूर्वी चित्र वेगळे होते. गर्दच्या आहारी गेलेल्या तरुणाला घर बिघडलेला मुलगा म्हणे आणि समाज गुन्हेगार. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानेही सेवन हा गुन्हाच ठरविला. अशा काळात या तरुणांकडे रुग्ण म्हणून पाहण्याचा आग्रह धरणाऱ्यांमध्ये डॉ. अनिता अवचट यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते.

निकटच्या वर्तुळात त्या सुनंदा या नावाने परिचित होत्या. त्यांचे पती डॉ. अनिल अवचट यांनी वैद्यकीय पदवी घेऊनही लेखन आणि पत्रकारितेची वाट धरली. संसाराचा आर्थिक भार अनिताताईंनी उचलला. येरवडा येथील शासकीय मनोरुग्णालयात त्या मानसोपचारतज्ज्ञ होत्या. समाजाने दूर सारलेल्या मनोरुग्णांशी जोडलेले हेच नाते पुढील कार्याचा पाया ठरले.

ऐंशीच्या दशकात गर्द, म्हणजेच ब्राऊन शुगर, महाराष्ट्रातील शहरांत झपाट्याने पसरली. अनिल अवचट यांनी या विषयावर लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले. या रुग्णांसाठी काही उभारावे, या इच्छेने त्यांनी एक लाख रुपयांची देणगी देऊ केली. केंद्र चालविण्याची जबाबदारी अनिताताईंनी स्वीकारली आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी मनोरुग्णालयाच्याच आवारात 'मुक्तांगण' सुरू झाले.

गर्द बंद होताच रुग्णाला अंगदुखी, उलट्या, जुलाब आणि निद्रानाश यांनी ग्रासले जाते. व्यसनींच्या बोलीत याला 'टर्की' म्हणतात. हा त्रास औषधांनी काही दिवसांत आटोक्यात येतो, ओढ मात्र दीर्घकाळ टिकते. त्यामुळे शरीरातून विष उतरले म्हणजे उपचार संपले, असे अनिताताईंनी कधीच मानले नाही. श्रमदान, योगासने, गटचर्चा, समुपदेशन आणि नियमित दिनक्रम यांवर त्यांनी भर दिला. पुढे गर्दबरोबरच दारूच्या रुग्णांचीही संख्या वाढत गेली. ३५ दिवसांचे निवासी उपचार ही मुक्तांगणची ओळख बनली.

खरी कसोटी होती ती बरा होऊन गेलेला रुग्ण पुन्हा घसरला की. घरच्यांचा विश्वास तेव्हा पार उडालेला असे. अशा वेळी त्याला दार बंद करायचे नाही, ही अनिताताईंची भूमिका होती. मधुमेह पुन्हा बळावला म्हणून डॉक्टर रुग्णाला हाकलून देत नाही, मग व्यसनाला वेगळा न्याय का, असा हा साधा विचार होता. त्यात भाबडेपणा नव्हता. शिस्त कडक होती, परंतु अपमानाला स्थान नव्हते. व्यसनातून बाहेर पडलेल्यांनाच त्यांनी कार्यकर्ते आणि समुपदेशक म्हणून उभे केले. नव्याने आलेल्या रुग्णाला आपल्यासारखाच एक जण सावरलेला दिसे, हे औषधाइतकेच मोलाचे होते.

रुग्णाबरोबर त्याचे कुटुंबही आजारी पडते, याची त्यांना जाण होती. मार, कर्ज आणि बदनामी सोसणाऱ्या पत्नींना बोलण्यासाठी जागा हवी, या जाणिवेतूनच मुक्तांगणमध्ये 'सहचरी' गटाचे काम रुजले.

कार्य विस्तारत असतानाच अनिताताईंना कर्करोगाने गाठले. आजारपणातही मुक्तांगणशी असलेला त्यांचा बंध सुटला नाही. १० फेब्रुवारी १९९७ रोजी त्यांचे निधन झाले. संस्थापक व्यक्तीच्या पश्चात अनेक संस्था ओसरतात. येथे तसे घडले नाही. अनिल अवचट २०२२ मध्ये निधन होईपर्यंत संस्थेशी जोडलेले राहिले आणि कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनी संचालकपदाची धुरा वाहिली. येरवड्यातच संस्थेची स्वतंत्र वास्तू उभी राहिली. २००९ मध्ये व्यसनग्रस्त महिलांसाठी 'निशिगंध' हा स्वतंत्र विभाग सुरू झाला.

अनिताताईंच्या स्मरणार्थ संघर्ष सन्मान पुरस्कार दिला जातो. मात्र त्यांचे खरे स्मारक वास्तूत किंवा पुरस्कारात नाही. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा घसरलेला माणूसही ज्या दारातून मान खाली न घालता आत येऊ शकतो, ते दार हेच त्यांचे स्मारक होय.