स्वेच्छेने झालेले भारतीय

बहुतेकांना नागरिकत्व जन्मानेच लाभते. परक्या देशाचे नागरिकत्व मात्र अर्ज करून मिळवावे लागते. व्हेरिअर एल्विन यांनी ते भारताकडे मागितले.

एल्विन यांचा जन्म २९ ऑगस्ट १९०२ रोजी इंग्लंडमधील डोव्हर येथे झाला. ऑक्सफर्ड येथे शिक्षण घेऊन १९२७ साली ते धर्मसेवेसाठी पुण्यास आले. लवकरच महात्मा गांधींच्या विचारांचा त्यांच्यावर प्रभाव पडला. भारताच्या स्वातंत्र्याची बाजू घेणारा हा इंग्रज इंग्रज सरकारलाच खुपू लागला.

पुण्यात त्यांना शामराव हिवाळे हे मराठी मित्र लाभले. नंदुरबार जिल्ह्यातून जाणारी सातपुड्याची रांग पूर्वेस मैकल डोंगरापर्यंत पोहोचते. त्या डोंगरातील करंजिया गावी १९३२ साली दोघे मित्र गोंडांची सेवा करण्यास गेले. त्याच वर्षी एल्विन मायदेशी गेले असता सरकारने त्यांना भारतात परतण्यास मनाई केली. राजकारणापासून दूर राहण्याचे लिहून दिल्यावरच त्यांची वाट मोकळी झाली. जन्मभूमीत सुखाने राहणे सहज शक्य असताना त्यांनी ही अट पत्करली, ती करंजियाच्या झोपडीत परतण्यासाठी!

तेथे त्यांनी शाळा, दवाखाना व कुष्ठरोग्यांसाठी आश्रयस्थान चालविले. गोंड, बैगा आदी लोकांमध्ये राहून त्यांची गाणी, कथा व चालीरीती त्यांनी ग्रंथांत नोंदविल्या.

स्वातंत्र्यानंतर १९५४ साली ते भारताचे नागरिक झाले. त्याच वर्षी सरकारने त्यांना ईशान्य सीमा प्रदेशातील, म्हणजे आजच्या अरुणाचल प्रदेशातील, आदिवासींच्या कारभाराचे सल्लागार नेमले. १९६१ साली त्यांना पद्मभूषण हा सन्मान मिळाला. २२ फेब्रुवारी १९६४ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले.

परदेशीयांना नागरिकत्व देण्याचे नियम १९५५ च्या कायद्यात आहेत. आज अर्जदाराने सर्वसाधारणपणे अर्जापूर्वीचे १२ महिने सलग, आणि त्याआधीच्या १४ वर्षांपैकी किमान ११ वर्षे भारतात राहिलेले असावे लागते. त्याचे वर्तन चांगले असावे, आणि राज्यघटनेने नमूद केलेल्या २२ भाषांपैकी एक त्याला पुरेशी अवगत असावी. मराठी ही त्यांतलीच एक. पहिल्या देशाचे नागरिकत्व सोडून भारताशी निष्ठेची शपथ घ्यावी लागते.

वर्षे मोजता येतात, भाषेची परीक्षा घेता येते. आपलेपणा मात्र कोणत्याही अर्जात मावत नाही. एल्विन यांनी तो नागरिक होण्यापूर्वीच आपल्या कृतीने दाखविला होता.