झेंडे, जहाज आणि बॉब मार्ली

बॉब मार्ली म्हटले की आपल्या तरुणांना लांब जटा आणि गांजाचा धूर आठवतो. ही टी-शर्ट विकणाऱ्यांची करामत! आम्हाला बोलायचे आहे ते त्याच्या १९७९ सालच्या ‘सर्व्हायव्हल’ या अल्बमच्या मुखपृष्ठाबद्दल. त्यावर मार्लीचा चेहराच नाही. नेव्हिल गॅरिक या चित्रकाराने तिथे आफ्रिकी देशांचे झेंडे मांडले आणि अल्बमच्या नावामागे ‘ब्रुक्स’ या गुलामवाहू जहाजाचा अठराव्या शतकातला आराखडा छापला. त्यात माणसे गोणींसारखी खेटून निजवलेली आहेत.

मार्ली त्याच गुलामांचा वंशज. १९४५ साली जमैकातील नाइन माइल खेड्यात जन्मला. आई काळी, बाप गोरा. बापाचा सहवास जवळजवळ नाहीच. किंग्स्टनच्या ट्रेंचटाऊन वस्तीत वाढला, पीटर टॉश व बनी वेलर यांच्यासह गाऊ लागला. डिसेंबर १९७६ मध्ये घरात घुसून त्याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. दोनच दिवसांनी हा जखमी गडी मंचावर उभा!

याच अल्बममध्ये झिम्बाब्वेच्या लढ्याचे गीत होते. एप्रिल १९८० मध्ये तो देश स्वतंत्र झाला तेव्हा मार्ली स्वखर्चाने रुफारो मैदानात गायला गेला. आत निमंत्रित पाहुणे, फाटकाबाहेर सामान्य जनता. ती आत घुसू लागताच पोलिसांनी अश्रुधूर सोडला. नव्या राज्याची पहिलीच रात्र! दुसऱ्या दिवशी मार्ली त्या बाहेरच्यांसाठी पुन्हा गायला. पुढच्याच वर्षी, ११ मे १९८१ रोजी, कर्करोगाने तो गेला. वय अवघे ३६.