भाषा वेगळी, जात वेगळी; तरी मतदार यादी एकच का? वाचा, डॉ. आंबेडकरांचा ३० वर्षांचा लढा

गडहिंग्लज : तालुक्यातील कर्नाटक सीमेलगतच्या गावांत अनेक घरांत कन्नड बोलली जाते. सीमेपलीकडे निपाणी, संकेश्वर भागात मराठी भाषक मोठ्या संख्येने राहतात. दोन्हीकडे भाषेच्या कारणावरून कोणाचेही नाव मतदार यादीतून वगळता येत नाही. हे संरक्षण कसे मिळाले, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या जीवनप्रवासातून समजते.

सुरुवात कधी झाली?

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेले आंबेडकर १९१९ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते. तेव्हा मतदानाचा हक्क मालमत्ता आणि कराशी जोडलेला होता. साहजिकच अस्पृश्य समाजातील फार थोड्यांना मत होते. जानेवारी १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे साक्ष देताना त्यांनी या समाजासाठी अटी शिथिल करण्याची आणि स्वतःचे प्रतिनिधी निवडू देण्याची मागणी केली. मार्च १९२० मध्ये कोल्हापूर संस्थानातील माणगाव परिषदेत राजर्षी शाहू महाराजांनी त्यांच्या नेतृत्वाला जाहीर पाठिंबा दिला.

पुणे करारात काय ठरले?

ऑगस्ट १९३२ मध्ये ब्रिटिश सरकारने अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ दिले. त्याविरोधात महात्मा गांधींनी येरवडा तुरुंगात उपोषण सुरू केले. २४ सप्टेंबरला करार झाला. स्वतंत्र मतदारसंघ गेले. प्रांतिक विधिमंडळांत १४८ राखीव जागा मिळाल्या. मात्र अंतिम निवडणुकीत त्या जागांवर सर्वसाधारण मतदारसंघातील सर्व मतदार मत देणार होते.

१५ जून १९४९ महत्त्वाचा का?

घटनेच्या मसुद्यात राज्यांच्या निवडणुकांसाठी वेगळे आयोग होते. परंतु काही प्रांतांत वंश, संस्कृती किंवा भाषेने वेगळ्या असलेल्या लोकांची नावे यादीत घेतली जात नसल्याच्या तक्रारी आल्या. त्यामुळे आंबेडकरांनी या दिवशी संविधान सभेत देशभरासाठी एकच स्वतंत्र आयोग सुचवला. तोच आजचा कलम ३२४. कलम ३२५ नुसार धर्म, वंश, जात किंवा लिंग यावरून कोणालाही यादीबाहेर ठेवता येत नाही. कलम ३२६ ने प्रत्येक प्रौढ नागरिकाला मत दिले.

स्वतः आंबेडकरांचे काय झाले?

१९५२ च्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत ते मुंबईतील राखीव जागेवर पराभूत झाले. १९५४ मध्ये भंडारा पोटनिवडणुकीतही हरले. ६ डिसेंबर १९५६ रोजी निधन झाले, तेव्हा ते राज्यसभेचे सदस्य होते.

आज तुमच्यासाठी काय?

वयाची १८ वर्षे पूर्ण झाली असतील आणि यादीत नाव नसेल, तर नमुना ६ भरा. तुम्ही पत्त्यावर राहत नाही किंवा पात्र नाही, असे सांगून नाव वगळायचे असल्यास अधिकाऱ्याला आधी तुम्हाला म्हणणे मांडण्याची संधी द्यावीच लागते.