अंगणात आलेली शाळा : पद्मभूषण ताराबाई मोडक

मूल अडीच-तीन वर्षांचे झाले की आपल्या घरांतून एकच चर्चा सुरू होते. नर्सरी कोणती निवडायची, इंडियन स्कूलला घालायचे तर केजीची तयारी काय करून घ्यायची, बसची सोय कशी आहे वगैरे. चर्चेत कुठे ना कुठे ‘मॉन्टेसरी’ हा शब्द येतोच. गुळगुळीत लाकडी साधने, छोट्या छोट्या खुर्च्या आणि भरभक्कम फी असे काहीसे चित्र त्याबरोबर डोळ्यांपुढे उभे राहते. हीच पद्धत एका मराठी बाईंनी शिंपले, खडे आणि बिया यांच्या आधारे वारली पाड्यांपर्यंत नेली, हे मात्र आपल्यापैकी अनेकांच्या मुलांना ठाऊक नसते. विद्येच्या देवतेच्या उत्सवानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेत त्या थोर विदुषीचे, ताराबाई मोडक यांचे, चरित्र थोडक्यात सांगावे असे वाटले.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी झाला. माहेरच्या त्या केळुसकर. घर प्रार्थना समाजाच्या विचारांचे, त्यामुळे मुलींच्या शिक्षणाला आडकाठी नव्हती. १९१४ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. त्या काळी पदवीधर स्त्रिया बोटांवर मोजण्याइतक्या होत्या, हे लक्षात घेतले म्हणजे या गोष्टीचे महत्त्व कळते. पुढे अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. तो टिकला नाही. १९२१ साली पतिपत्नी विभक्त झाले आणि लहान मुलीला घेऊन ताराबाई एकट्या उभ्या राहिल्या. आजही ही गोष्ट सोपी नाही. त्या काळी तर समाज अशा बाईकडे कोणत्या नजरेने पाहत असेल याची कल्पना करावी.

राजकोटच्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्यपदी त्यांची नेमणूक झाली. त्या पदावर आलेल्या त्या पहिल्या भारतीय स्त्री होत. मानाची, पगाराची, सुरक्षित नोकरी. एकट्या आईला याहून जास्त काय हवे? परंतु ताराबाईंनी ती सोडली आणि १९२३ साली त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या कामात सामील झाल्या.

गिजुभाईंची हकीकतही ऐकण्यासारखी आहे. व्यवसायाने ते वकील. स्वतःच्या मुलाला कसे शिकवावे या विचारात असताना मारिया मॉन्टेसरी यांचे लेखन त्यांच्या हाती आले आणि वकिली मागे पडली. मॉन्टेसरीबाई इटलीच्या डॉक्टर. रोममधल्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत ६ जानेवारी १९०७ रोजी त्यांनी पहिले बालगृह उघडले होते. म्हणजे ज्या पद्धतीला आपण आज श्रीमंतांची समजतो, तिचा जन्म मुळात कष्टकऱ्यांच्या मुलांसाठीच झाला होता! गिजुभाईंनी १९२० साली भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केले. मुलांवरच्या मायेमुळे लोक त्यांना ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशावाली आई, म्हणत. १९२६ साली गिजुभाई आणि ताराबाई यांच्या पुढाकाराने नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. या संघाच्या ‘शिक्षणपत्रिके’ची मराठी बाजू ताराबाईंनी सांभाळली. बहारीनमध्ये मराठी आणि गुजराती कुटुंबांचा घरोबा आपण रोज पाहतो. भारतातील बालशिक्षणाचा पायादेखील असाच एका गुजराती भाऊंनी आणि मराठी ताईंनी मिळून घातला.

या मंडळींनी मूळ पद्धत जशीच्या तशी उचलली नाही. मॉन्टेसरीबाईंना लहान मुलांना पऱ्यांच्या आणि राक्षसांच्या गोष्टी सांगणे फारसे पसंत नव्हते. गिजुभाई-ताराबाईंनी मात्र गोष्टी, बडबडगीते, नाट्य यांना बालमंदिरात मानाचे स्थान दिले. आजीच्या मांडीवर गोष्टी ऐकत वाढणाऱ्या आपल्या मुलांसाठी हा बदल किती योग्य होता, हे सांगायला नको.

पुढे ताराबाई मुंबईला आल्या. १९३६ साली दादरला त्यांनी ‘शिशुविहार’ सुरू केला. मुलांसाठी मराठी माध्यमाचे बालमंदिर आणि शिक्षिकांसाठी प्रशिक्षण अशी दोन्ही कामे तिथे चालत. मध्यमवर्गीय दादरकरांनी शाळा उचलून धरली. १९३९ साली गिजुभाई गेले. त्याच वर्षी काही महिन्यांनी मॉन्टेसरीबाई स्वतः मद्रासला अड्यार येथे आल्या आणि महायुद्धामुळे कित्येक वर्षे भारतातच राहिल्या. शहरांतून या पद्धतीचा बराच बोलबाला झाला. ताराबाईंना मात्र एक प्रश्न सतावत होता. भारतातली बहुतेक मुले खेड्यात राहतात; त्यांचे काय?

वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, २४ डिसेंबर १९४५ रोजी, ठाणे जिल्ह्यातील (आताच्या पालघर जिल्ह्यातील) बोर्डी या समुद्रकाठच्या गावी त्यांनी ग्राम बालशिक्षा केंद्र उघडले. सोबतीला आल्या अनुताई वाघ. अनुताई बालविधवा, पुण्याच्या हुजूरपागेत त्यांनी शिक्षिका म्हणून काम केलेले. वयाने ताराबाईंपेक्षा अठरा वर्षांनी लहान. ही जोडी पुढे अखेरपर्यंत सुटली नाही.

बोर्डीला पहिली अडचण साधनांची आली. मूळ पद्धतीत साधनांची मापे अगदी काटेकोर असतात. गुलाबी मनोऱ्याचे दहा ठोकळे, सर्वांत लहान एक सेंटिमीटरचा तर मोठा दहाचा. दट्ट्यांच्या चार पेट्या, प्रत्येकीत दहा दट्ट्ये. खेड्यातल्या बालवाडीला हे परवडणार कसे? ताराबाईंनी साधनामागचा हेतू पाहिला. लहान-मोठे ओळखायचे आहे ना, मग समुद्रावरचे शिंपले ओळीने लावता येतात. खडबडीत-गुळगुळीत कळण्यासाठी दगड आणि पाने आहेत. रंगांना फुले, मोजायला बिया, बोटांना वळण लागायला माती. (आपल्या घरी खजुराच्या बिया रोज कचऱ्यात जातात आणि शिंपले तर आपल्याकडेही आहेतच! सुट्टीच्या दिवशी मुलांबरोबर करून पाहण्यासारखे आहे.)

दिवसाचा क्रमही त्यांनी खेड्याच्या गरजेनुसार बसवला. शहरातले मूल घरूनच स्वच्छ होऊन येते. इथे शाळेची सुरुवातच हातपाय धुणे, आंघोळ, केस विंचरणे, नखे कापणे यांनी होई. हा वेळ वाया गेला असे त्यांनी कधी मानले नाही, कारण स्वतःचे स्वतः आवरणे हाच पहिला धडा. त्यानंतर प्रार्थना आणि गाणी. मग झाडणे, पाणी भरणे, झाडांना पाणी घालणे अशी रोजच्या जीवनातली कामे. इंद्रियांचे खेळ, गोष्टी, थोडा खाऊ. अक्षरओळख सर्वांत शेवटी, आणि तीही मुलाने ओढ दाखवल्यावर. केजीच्या आधीच मुलाला शंभरापर्यंत आकडे लिहिता यावेत म्हणून धडपडणाऱ्या आपल्यासारख्या पालकांनी या क्रमाकडे जरा थांबून पाहायला हरकत नाही.

दुसरी अडचण याहून कठीण होती. केंद्र उघडले तरी ज्यांच्यासाठी ते होते ती मुले येत नव्हती. अस्पृश्य मानल्या गेलेल्या वस्तीतली मुले गावातल्या बालवाडीत यायला बिचकत, त्यांच्या आईबापांना धीर होत नसे. कित्येक संस्था इथे हात झटकून मोकळ्या होतात, दोष पालकांना देतात. ताराबाईंनी बालवाडीच उचलली आणि वस्तीतल्या अंगणात नेऊन मांडली. आई घरात काम करते आहे, अंगणात गाणी चालली आहेत, हळूहळू तीही दाराशी येऊन उभी राहते. अंगणात भरते म्हणून ती ‘अंगणवाडी’.

१९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. आता अवतीभवती वारली आदिवासींचे पाडे होते. ताराबाई तेव्हा पासष्ट वर्षांच्या होत्या. ज्या वयात आपण नातवंडांत रमायचे ठरवतो त्या वयात त्यांनी नवा डाव मांडला. इथली मुले का येत नाहीत याची कारणे त्या दोघींनी एकेक करून शोधली. सात-आठ वर्षांची मुलगी शाळेत येत नाही, कारण कडेवर धाकटे भावंड आहे. मग शाळेलाच पाळणाघर जोडले. भावंड पाळणाघरात, मधले बालवाडीत आणि ताई प्राथमिक वर्गात. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा अशा एकत्र रचनेला ‘विकासवाडी’ हे नाव मिळाले. मुलगे येत नाहीत, कारण ते गुरे राखायला रानात जातात. मग शिक्षकच कुरणावर गेले. गुरे चरत आहेत आणि झाडाखाली शिक्षण चालले आहे, अशी ती ‘कुरणशाळा’. माझ्या मते ताराबाईंच्या साऱ्या कामात ही कुरणशाळा सर्वांत मोठी. मुलाच्या पोटापाण्याच्या कामाला तुच्छ न लेखता शाळेनेच आपली जागा बदलायची, हे सुचायला मोठे मन लागते.

सर्व प्रयत्न यशस्वी झाले असे नाही. लावणी-कापणीच्या दिवसांत पट रिकामा व्हायचा, कामासाठी कुटुंबे गाव सोडून जायची. गरिबी शाळेने हटत नाही, हे त्या टेकडीवर रोज दिसत होते. तरीही काम थांबले नाही.

१९६२ साली भारत सरकारने ताराबाईंना पद्मभूषण किताबाने गौरवले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी, वयाच्या ८१व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. तिच्या गावोगावच्या केंद्रांना जे नाव मिळाले ते अंगणवाडी. आज काश्मीरपासून केरळपर्यंत हा मराठी शब्द रूढ झाला आहे. आपल्या केरळी शेजाऱ्यांनाही तो चांगला परिचित असतो, विचारून पाहा.

अनुताई त्यानंतरही कोसबाडलाच राहिल्या. २७ सप्टेंबर १९९२ रोजी त्या गेल्या, तोवर संस्थेची धुरा त्यांच्याच खांद्यावर होती. सुट्टीत मुंबईला गेलात आणि मुलांना घेऊन एखादा दिवस काढता आला तर पश्चिम रेल्वेने डहाणूच्या पुढे घोलवडला उतरावे. चिकूच्या वाड्यांतून जाणारा रस्ता एका बाजूला बोर्डीच्या किनाऱ्याकडे जातो आणि कोसबाडची टेकडीही तिथून फार लांब नाही.