डॉ. लुसी विल्स : गिरणगावात रक्तक्षयाचा शोध घेणारी विदुषी

(द्वितीय वर्ष, कला)

थोर स्त्रियांविषयी लिहावयाचे म्हटले की डॉ. आनंदीबाई जोशी, डॉ. रखमाबाई, मादाम क्यूरी, फ्लॉरेन्स नाइटिंगेल ही नावे चटकन ओठांवर येतात. याच पंक्तीत बसवावे असे आणखी एक नाव आहे. ते म्हणजे डॉ. लुसी विल्स. वैद्यकाच्या जगात हे नाव प्रसिद्ध आहे. परंतु ज्या मुंबईत त्यांनी आपले सर्वांत मोठे काम केले, त्या मुंबईच्या महाराष्ट्रात आम्हा कला शाखेच्या विद्यार्थ्यांना ते फारसे ठाऊक नसते. मलाही ते इतिहासाच्या अभ्यासासाठी गिरणगावची माहिती वाचता वाचताच भेटले. आपल्या गावच्या आरोग्य केंद्रात गरोदर बाईच्या हातावर जी तांबडी गोळी ठेवतात, तिच्यात लोह आणि फॉलिक ॲसिड अशी दोन औषधे असतात. लोहाचा गुण जगाला पूर्वीपासून माहीत होता. दुसऱ्या औषधाची वाट या बाईंनी दाखविली, आणि ती परळच्या प्रयोगशाळेतून दाखविली. म्हणून त्यांचे चरित्र आपल्यापुढे मांडावेसे वाटले.

लुसी यांचा जन्म १० मे १८८८ रोजी इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळच्या सटन कोल्डफिल्ड येथे झाला. घराण्याचा धंदा विळे आणि धारेची पाती बनविण्याचा. विळा म्हटला की आपल्यासमोर शेतकऱ्याचे घर उभे राहते, पण हे घर कारखानदाराचे होते आणि घरात विज्ञानाची आवड होती. वडील विज्ञानाचे पदवीधर, तर आईचे वडील डॉक्टर. अशा घरात मुलीने शिकावे की नाही हा प्रश्नच नव्हता. चेल्टनहॅम येथील मुलींच्या नामांकित शाळेतून लुसी १९०७ साली केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात आल्या. वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र हे त्यांचे विषय. १९११ साली त्यांनी परीक्षा पूर्ण केली, पण पदवी मात्र मिळाली नाही. कारण केंब्रिज विद्यापीठ त्या काळी मुलींना वर्गात बसू देई, परीक्षा देऊ देई, परंतु पदवी देत नसे. ती मुलींना १९४८ पासून मिळू लागली. अभ्यास तोच, उत्तरपत्रिका तीच, आणि कागद मात्र फक्त मुलांना. हे वाचून ज्या घरातून पहिल्यांदाच कोणी कॉलेजात आले आहे, अशा माझ्यासारखीला काय वाटले असेल, ते सांगावयास नको.

त्याच वर्षी त्यांचे वडील वारले. १९१३ साली थोरली बहीण गेली. दुःखाच्या या दिवसांत लुसी आईबरोबर सिलोनला जाऊन आल्या. १९१४ साली त्या दक्षिण आफ्रिकेत असताना पहिले महायुद्ध सुरू झाले, तेव्हा केपटाऊनमध्ये त्यांनी स्वयंसेविका म्हणून रुग्णांची शुश्रूषा केली. परत आल्यावर त्यांनी निश्चय केला आणि १९१५ च्या जानेवारीत लंडनमधील स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात नाव घातले. १९२० साली त्या डॉक्टर झाल्या. तेव्हा त्यांचे वय बत्तीस वर्षांचे होते. त्या वयात माणसाची वाट ठरून गेलेली असते असे आपण मानतो. लुसीबाईंची वाट तेथून सुरू झाली. त्यांनी दवाखाना थाटला नाही. लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात गरोदरपणातील विकारांचा अभ्यास करणाऱ्या विभागात त्यांनी काम पत्करले.

१९२८ साली त्यांना हिंदुस्थानातून बोलावणे आले. बाळंतपणात बायका इतक्या मोठ्या संख्येने का दगावतात, याची चौकशी येथे चालली होती. डॉ. मार्गारेट बाल्फोर या अनुभवी डॉक्टरबाईंनी लुसीबाईंना त्या कामात ओढले, आणि त्या मुंबईस हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये दाखल झाल्या. ही संस्था परळला, अगदी गिरण्यांच्या शेजारात आहे. त्याच वर्षी एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत गिरणी कामगारांचा प्रचंड संप झाला, हे आपण इतिहासात शिकतो. गिरण्यांच्या रीळ आणि वाइंडिंग खात्यांत हजारो बायका काम करीत. त्याच वर्षी मुंबईच्या कायदेमंडळात कामकरी स्त्रियांना बाळंतपणाच्या रजेत भत्ता देण्याच्या विधेयकाचा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पुरस्कार केला आणि १९२९ साली तो कायदा झाला. सभागृहात या बायकांच्या रजेचा विचार होत होता, आणि परळच्या प्रयोगशाळेत एक परकी बाई त्यांच्या रक्ताचा विचार करीत होती.

तो रक्तक्षय कोणत्या प्रकारचा होता हे थोडक्यात समजून घेऊ. आपल्या रक्तातील तांबड्या पेशी प्राणवायू वाहून नेतात. लोह कमी पडले की या पेशी लहान आणि फिक्या होतात. असा रक्तक्षय लोहाने बरा होतो. परंतु मुंबईच्या गरोदर बायकांत लुसीबाईंना दुसराच प्रकार दिसला. तेथे पेशींची संख्या थोडी, पण एकेक पेशी नेहमीपेक्षा मोठी. या रक्तक्षयावर लोहाचा उपाय चालेना. दिवस भरत आले की बाई पांढरीफटक पडे, धाप लागे, पायांवर सूज येई आणि कित्येक जणी बाळंतपणात जात.

प्रथम संशय जंतूंवर होता. लुसीबाईंनी तपासण्या करून तो दूर केला. मग त्यांनी जो प्रश्न विचारला, त्यातच त्यांचे मोठेपण आहे असे मला वाटते. या बायका खातात काय, असा तो प्रश्न होता. मुंबईतील निरनिराळ्या थरांतील बायकांच्या आहाराची त्यांनी पाहणी केली. तेव्हा दिसले की गरीब मुसलमान वस्तीतील बायकांचा आहार सर्वांत निकृष्ट आहे, आणि रक्तक्षयही त्यांच्यातच सर्वांत जास्त आहे. रोग हवेत नव्हता, नशिबात नव्हता. तो ताटात होता. मग त्यांनी तोच आहार प्रयोगशाळेतील पांढऱ्या उंदरांना घातला. गाभण माद्यांना रक्तक्षय झाला आणि पिले होण्याआधीच त्या मेल्या. आहारात यीस्ट घातल्यावर मात्र त्या वाचल्या. पुढे असे आढळले की उंदरांच्या आजारात उवांतून पसरणाऱ्या एका जंतूचाही हात होता. म्हणजे पुरावा वाटला तितका सरळ नव्हता. लुसीबाई तेथे थांबल्या नाहीत. त्यांनी माकडांवर प्रयोग सुरू केले.

या माकडांना मार्माइट देण्यात आले. मार्माइट म्हणजे बिअर बनविण्याच्या कारखान्यात उरणाऱ्या यीस्टचा अर्क. काळसर, चिकट, खारट. इंग्रज लोक तो पावाला लावून खातात. रक्तक्षयाने खंगलेली माकडे या स्वस्त पदार्थाने सुधारली. मग तोच अर्क रुग्णालयातील गरोदर बायकांना दिला, आणि थोड्याच दिवसांत त्यांच्या रक्तात नव्या पेशी दिसू लागल्या. १९३१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हे काम प्रसिद्ध झाले. औषध महागडे नव्हते, दुर्मिळ नव्हते. किराणा दुकानात मिळणारी ती एक बरणी होती.

पण बरणीतील नेमका कोणता घटक हे काम करतो? रक्तक्षयाच्या दुसऱ्या एका जीवघेण्या प्रकारावर तेव्हा यकृताचा अर्क देत. लुसीबाईंनी दाखवून दिले की शुद्ध केलेला तो अर्क या बायकांना उपयोगी पडत नाही. साधा, फारसा शुद्ध न केलेला अर्क मात्र उपयोगी पडतो. म्हणजे शुद्ध करताना जे निघून जाते, तेच हवे आहे. हा घटक वेगळाच असला पाहिजे. त्या अज्ञात घटकाला पुढे विल्स घटक असे नाव पडले. १९४१ साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी पालकाच्या पानांतून एक द्रव्य वेगळे काढले आणि पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याला फॉलिक ॲसिड म्हटले. १९४५ साली ते लेडर्ली प्रयोगशाळेत कृत्रिम रीतीने तयार झाले. त्या संशोधनाचे प्रमुख होते आंध्रातील भीमवरम येथे जन्मलेले डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव. परळला सुरू झालेला शोध अशा रीतीने एका भारतीय माणसाच्या देखरेखीखाली तडीस गेला. फॉलिक ॲसिडमुळे बाळाच्या मज्जारज्जूतील जन्मजात व्यंगही टळू शकते, हे १९९१ साली सिद्ध झाले. ते पाहावयास लुसीबाई नव्हत्या.

येथे वाचक विचारतील, मग लोहाचे काय? लुसीबाईंनी लोहाला कमी लेखले नाही. इंग्लंडला परतल्यावर, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, त्यांनी सहकाऱ्यांबरोबर हाच प्रश्न हाती घेतला. गरोदर स्त्रियांना सरसकट लोह दिले तर त्यांच्या रक्तात काय फरक पडतो, हे त्या तपासत होत्या. लंडनवर बॉम्ब पडत होते, कामात खंड पडत होता. तरीही ते काम पुरे झाले आणि १९४७ साली छापले गेले. त्याच वर्षी त्या रॉयल फ्री रुग्णालयातून निवृत्त झाल्या. निवृत्ती नावापुरतीच. पुढेही आहार आणि रक्तक्षय यांच्या अभ्यासासाठी त्या जमेका, फिजी, दक्षिण आफ्रिका असा प्रवास करीत राहिल्या, आणि लंडनच्या चेल्सी भागात मजूर पक्षातर्फे नगरसेविका म्हणूनही त्यांनी काम केले. त्यांनी लग्न केले नाही. थाटमाटाची त्यांना आवड नव्हती. कामावर त्या सायकलने जात. डोंगर चढणे आणि बर्फावरून घसरत जाण्याचा खेळ त्यांना फार प्रिय. १६ एप्रिल १९६४ रोजी त्यांचे निधन झाले.

चरित्र येथे संपते, पण विषय संपत नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार आपल्या देशातील गरोदर स्त्रियांपैकी ५२.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेले की गरोदरपणात रक्तक्षय मानतात, आणि ७ च्या खाली गेले तर जिवाला धोका. शेवटच्या तीन महिन्यांत बाळ आपल्यासाठी लोहाचा साठा आईकडूनच घेते. म्हणून नेमके तेव्हाच आईचे खाते रिकामे होते.

माझी थोरली बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली तेव्हा आठव्या महिन्यात तिचे हिमोग्लोबिन ८.२ होते. गोळ्या मिळाल्या होत्या, पण त्या पाकिटातच होत्या. गोळ्यांनी बाळ काळे होते, फार मोठे होऊन अडते, असे तिच्या सासरी कोणी सांगितले होते. शिवाय गोळीने मळमळते आणि शौचास काळी होते, म्हणून ती घाबरली होती. आमच्या आशाताईंनी तिच्याशेजारी बसून समजावले की काळी शौचास होणे हा लोहाचा स्वभाव आहे, रोग नव्हे. डॉक्टरांनी दिवसातून दोन गोळ्या घ्यावयास सांगितल्या. चहाबरोबर नव्हे, कॅल्शियमच्या गोळीबरोबर नव्हे, तर लिंबूपाण्याबरोबर. रक्त वाढले नाही तर शिरेतून लोह द्यावे लागेल, कारण दिवस थोडे उरले आहेत, असेही त्यांनी बजावले. आईने भाकरीबरोबर रोज मेथी, चवळी अशी पालेभाजी केली आणि जेवणानंतरचा चहा बंद केला. महिन्याने तपासले तेव्हा आकडा ९.३ वर आला होता. पुरेसा नव्हे, पण वर जाणारा. ती सुखरूप बाळंत झाली. डॉक्टरांनी गोळ्या पुढेही १८० दिवस चालू ठेवावयास सांगितल्या, आणि आता त्या कोणी पाकिटात ठेवू देत नाही.

मित्रमैत्रिणींनो, आपण डॉक्टर होणार नाही. आपण इतिहास, मराठी, अर्थशास्त्र शिकतो. पण लुसीबाईंचा पहिला प्रश्न विचारावयास सूक्ष्मदर्शक लागत नाही. आपल्या घरात सर्वांना वाढून झाल्यावर शेवटी कोण जेवते, आणि तिच्या ताटात काय उरते, हे आपण पाहू शकतो. घरात, शेजारी, राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिराच्या गावात एखादी गरोदर बाई असेल, तर तिच्या गोळ्यांच्या पाकिटावरचा मजकूर वाचून तिला समजेल अशा भाषेत सांगू शकतो. ज्या घरांतून आपण पहिल्यांदाच शिकावयास आलो, त्या घरांसाठी आपल्या शिक्षणाचा एवढा उपयोग तरी व्हावा.